टॅपेट बोलायला हवेत

सांगलीच्या एका डॉक्टरांकडे पेट्रोलवरची जुनी अँबॅसडर होती. वडिलांची गाडी, म्हणून त्यांनी ती विकली नाही आणि पेट्रोल परवडेना म्हणून माझ्याकडून गॅसचं किट बसवून घेतलं. सातआठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "मिस्त्री, गाडी काय सुरेख झालीय! टॅपेटची टकटक पार बंद."

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, गाडी बाहेर काढू नका. रविवारी मीच येतो."

जुन्या इंजिनाचे टॅपेट थोडे बोलायलाच हवेत. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात पातळ फट ठेवलेली असते. तापून लांबलेल्या दांडीला तेवढी जागा लागते. त्या फटीतूनच ती बारीक टकटक येते. पेट्रोलवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात फट सहसा वाढते, आवाजही वाढतो आणि मालक गाडी घेऊन येतो. गॅसवर उलटं होतं. व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो ती सीट झिजते, व्हॉल्व्ह कणाकणाने आत रुतत जातो, त्याची दांडी वर सरकते आणि फट बुजते. इंजिन गप्प होतं. मालकाला वाटतं, गाडी सुधारली. खरं तर व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा झालेला असतो. बसला तरच त्याची उष्णता सीटमधून हेडला जाते. बसला नाही तर तो लाल होऊन कडेने जळतो.

याचं मूळ जुन्या पेट्रोलमध्ये आहे. त्यात शिसं घातलेलं असायचं. ते ठोका थांबवायचंच, शिवाय सीटवर त्याचं पातळ अस्तर धरायचं. अँबॅसडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनात सीट वेगळी बसवलेली नसते, हेडच्या बिडातच कोरलेली असते. त्या नरम बिडाला शिशाचा आधार होता. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या आरोग्यासाठी ते व्हायलाच हवं होतं. त्याच वर्षी वाहनात एलपीजी वापरायला कायद्याने परवानगी मिळाली आणि 2001 मध्ये त्याचा नियंत्रण आदेश निघाला. शिसं गेलं आणि गॅस आला, तो असा एकाच वर्षात. शिसं नसलेल्या पेट्रोलवरही जुनी सीट झिजते, पण गॅसवर ती लवकर झिजते, हे मी हेडं खोलून पाहिलेलं आहे.

म्हणून गॅसला नावं ठेवायची नाहीत. प्रोपेन आणि ब्युटेनचं हे मिश्रण वायू होऊनच सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे ते पेट्रोलसारखं भिंतीवरून ओघळून ऑइल पातळ करत नाही. गॅसवरच्या गाडीची डिपस्टिक काढून बघा, ऑइल कितीतरी दिवस मधासारखं राहतं. ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे चढावर ठोका नाही. लिटरला 10 देणारी गाडी गॅसवर 8 देते, कारण लिटरभर गॅसचं वजनच पेट्रोलपेक्षा बरंच कमी. तरीही भावातला फरक धरला की रोज फिरणाऱ्याच्या हातात पैसे उरतात. महाबळेश्वरच्या वाटेवर भाड्याने चालणाऱ्या किती तरी ओम्नी गाड्यांवर या फरकाने घरं चालली.

पण गॅस आळस खपवून घेत नाही. पेट्रोल जुन्या गाडीचे दोष पोटात घालतं, गॅस ते चव्हाट्यावर आणतो. डिसेंबरातल्या एका पहाटे खंबाटकीच्या चढावर एक मारुती 800 बंद पडली म्हणून मला बोलावणं आलं. बॉनेट उघडलं तर रिड्यूसरवर पांढरं बर्फ! चालक चक्रावून गेला होता. सातारा जिल्ह्यात इंजिनावर बर्फ कुठून आलं? टाकीतून गॅस द्रवरूपात येतो, रिड्यूसरमध्ये त्याचा दाब उतरतो आणि तो वायू होतो. वायू होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. ती उष्णता पुरवायला इंजिनाचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. या गाडीचा रेडिएटर कधीचा झिरपत होता, पाणी रिड्यूसरपर्यंत पोचतच नव्हतं. पेट्रोलवर मालकाला त्याचा पत्ता लागला नव्हता. गॅसने थेट घाटात थांबवून सांगितला.

तेव्हापासून किटआधी मी इंजिन तपासतो. कॉम्प्रेशन, रेडिएटर, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर आणि शेवटी टॅपेट. त्यात खोट निघाली तर आधी ती दुरुस्त करायची, मग किट. दोनचार गिऱ्हाइकं यामुळे परत गेली. जाऊ देत.

एका कामाला मात्र मी कधीच हात लावला नाही. स्वयंपाकघरातली 14.2 किलोची लाल टाकी डिकीत ठेवून गाडी चालवणारे मी पाहिलेत. पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेल्या किटसोबत जी टाकी येते, तिच्यात फ्लोट असतो. 80 टक्के भरली की तो भरणं बंद करतो. वैशाखात सांगलीचं ऊन टाकीवर आलं की आतला द्रव फुगतो, त्याला ती उरलेली जागा लागते. पाइप तुटला तर गॅस अडवणारा व्हॉल्व्हही तिच्यात असतो. घरच्या टाकीत यातलं काही नाही. आणि हा गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, सीटखाली, नाल्यात, गॅरेजच्या खड्ड्यात साचून ठिणगीची वाट बघतो. ज्या गाडीत मागच्या सीटवर शाळेची पोरं बसतात, तिथे हा खेळ करणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही.

डॉक्टरांकडे रविवारी गेलो. व्हॉल्व्ह कव्हर काढलं आणि फिलर गेज घेतलं. मापाची पाती सोडाच, सगळ्यात पातळ पातीसुद्धा तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला शिरली नाही. हेड उतरवलं. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल गेला होता, पण जळला नव्हता. आठवडाभर आणखी चालली असती तर जळला असता.

हेड कुपवाडला लेथवाल्याकडे नेलं. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या जिल्ह्यात लेथवर हात बसलेल्या माणसांची कमी नाही. त्याने चारही एक्झॉस्टच्या झिजलेल्या सीट कोरून काढल्या आणि कडक पोलादाची कडी ठोकून बसवली. मी व्हॉल्व्ह घासले, सीटवर पेन्सिलीच्या रेघा ओढून तपासले. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या, म्हणजे बैठक जमली. हेड चढवलं, फट लावली, स्टार्टर मारला. इंजिन बारीक टकटकू लागलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज परत आला की हो." म्हटलं, "तोच हवा होता."

चूक माझी होती. किट बसवताना मी त्यांना टॅपेटबद्दल सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला किटच्या कागदांबरोबर एक चिठ्ठी देतो, आणि तेच इथे लिहितो. तुमची जुनी गाडी गॅसवर असेल तर दर 5,000 किलोमीटरला टॅपेटची फट मोजून घ्या, मापं वहीत लिहून ठेवा. फट दर वेळी कमी होत असेल तर हेड खोलायची वेळ आली. रेडिएटरचं पाणी रोज बघा. आरसी बुकात गॅसची नोंद करून घ्या. आणि टकटक अचानक थांबली, तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा.