नीळ आणि मोरचूद

दिवाळीआधी आमच्या घरी भिंतींना चुना लागे आणि त्यात नीळ पडे. आजोळी, कोकणात, चुन्यात मोरचूद. दोन्ही खोल्या फिक्या निळ्याच, पण आमची जांभळ्याकडे झुकलेली, तर आजोळचं माजघर हिरव्याकडे. मोठी माणसं दोन्ही रंग एकच मानत. मला ते कधीच पटलं नाही.

आजोळी मोरचूद मुळात पोफळींसाठी यायचा. सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून आजोबा पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण करत: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मग घासून लखलखीत केलेली कोयती त्यात बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. भिंतीवरचा रंगही याच मेळातून यायचा, म्हणजे तो तांब्याचा निळा. ते माजघर भर मे महिन्यातही गार वाटे.

निळीची कुळकथा वेगळी. बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दळून हा रंग काढत, तेव्हा तो राजेरजवाड्यांनाच परवडे. १८२०च्या दशकात गिमे या फ्रेंच माणसाने तो भट्टीत तयार केला आणि पुढे तो धोतरं-साड्या धुण्याइतका स्वस्त झाला. चुन्याचा दाहक क्षार प्रशियन निळ्याला तपकिरी करून टाकतो. नीळ मात्र त्यात वर्षानुवर्षं तग धरते. तिच्यात किंचित लाली असल्यामुळे तिची खोली ऊबदार वाटते.

आता पुण्याच्या फ्लॅटमध्ये उत्तरेच्या खोलीसाठी निवडलेल्या दोन छटा याच दोन घराण्यांतल्या निघाल्या. हिरवट निळ्यासाठी हल्ली बहुधा थॅलोसायनिन वापरतात आणि त्यातही तांबंच असतं, हे वाचून मला फार आनंद झाला. दोन्ही छटांचे हातभर पट्टे भिंतीवर मारून घेतले. सकाळी फरक जेमतेम दिसे. संध्याकाळी पिवळा दिवा लागला की तांब्याकडची छटा आणखी हिरवी होई आणि निळीकडची करडी पडे. छोट्या कार्डावरून रंग ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

उत्तरेचा उजेड आधीच थंड, तेव्हा निळीकडची छटा घ्या, असं रंगाऱ्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण ती खोली मी दिवेलागणीनंतर वाचायला वापरणार, आणि करड्या भिंतीशी माझं जमत नाही. मी तांब्याकडची छटा सांगितली, छताला साधा पांढरा.