धुम, टाळ आणि दोन हेडफोन

तर झालं असं. मागच्या विकांताला एक रजा जोडून गावाकडे गेलो. गाव अंबाजोगाई तालुक्यात. रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे मांजरसुंब्याला चहा, मग केज, मग घर. सॅकमध्ये कपडे कमी आणि हेडफोन जास्त. एक माझा स्वतःचा हायफायमॅन सुंदरा (कंपनी चिनी, नाव मात्र थेट फडावरचं!) आणि दुसरा मित्राचा ऑडिझी एलसीडी-एक्स. मित्राला तो विकायचा होता. नवा लाखाच्या वर जातो, हा बराच स्वस्तात मिळत होता. घेतो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं.

दोन्ही प्लेनर मॅग्नेटिक. साध्या हेडफोनमध्ये कॉइल पडद्याला एकाच जागी ढकलते. प्लेनरमध्ये कॉइलच नसते. अगदी पातळ फिल्मवर तारेची नक्षी पसरलेली असते आणि शेजारी चुंबकांच्या पट्ट्या, म्हणजे अख्खा पडदा एकदम हलतो. कल्पना काही नवी नाही, यामाहाचा एचपी-१ १९७६ सालचा. पण असे हेडफोन खालचे सूर न फुगवता देतात. ते तपासायचं तर पखवाजासारखं वाद्य नाही.

आणि पखवाज म्हणजे आमच्या घरचा विषय. शंकरबापू आपेगावकर आमच्याच तालुक्यातले. (पैठणजवळचं ज्ञानेश्वरांचं आपेगाव ते वेगळं.) १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नादाने इकडे किती पोरं पखवाजाला बसली असतील! त्यातलेच एक आमचे अण्णा. चाळीस वर्षं सप्ताहात वाजवतायत. मोठे वादक वगैरे नाहीत, पण धुमेला कणिक किती लावायची हे त्यांच्या बोटांना कळतं. कणिक वाळायला लागली की सूर चढतो, हे मला इंजिनिअरिंगच्या आधी त्यांनीच शिकवलं.

दुपारी माडीवर बसलो. गेल्या वर्षीच्या सप्ताहाचं भजन मी चांगल्या रेकॉर्डरवर घेतलं होतं, तेच लावलं.

एलसीडी-एक्सवर धुमेची थाप पडली आणि च्यायला, अंगावर काटा! थापेनंतर धुम विरत जाते ती शेवटपर्यंत ऐकू येते. सुंदरावर तीच थाप आटोपशीर, पण गायकाचा आवाज आणि टाळ जास्त मोकळे, हवेशीर. वजनाचं म्हणाल तर सुंदरा ३७२ ग्रॅम, एलसीडी-एक्स ६१२. अर्ध्या तासात मान बोलते. मात्र त्याची बांधणी ट्रॅक्टरची आहे, सगळं अ‍ॅल्युमिनियम आणि जाड गाद्या. सुंदराचे कप डावी-उजवीकडे फिरत नाहीत, डोकं त्याच्या मापाचं असेल तर ठीक.

तेवढ्यात अण्णा वर आले. "हे काय डोक्यावर पाट्या घेऊन बसलास रे?"

म्हटलं, ऐका तर. आधी एलसीडी-एक्स दिला. "आवाज वाढव." वाढवला. "आणखी." आता माझ्या अंगावर काटा आला, वेगळ्याच कारणाने. दोन्ही हेडफोन ओपन-बॅक, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. खालून आईने विचारलं, भजन कुठं चालू झालं म्हणून!

अण्णा डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसले. मग म्हणाले, "धुम झकास आहे. पण टाळकरी कुठं गेले?"

मला वाटलं गंमत करतायत. सुंदरा लावला, त्यात टाळ उलट जास्तच उठतात. "याच्यात पण न्हाईत. तुझ्या मशीननं धरलेच नसतील."

बारा टाळकरी होते. मी स्वतः मोजले होते.

वयानुसार आधी वरचे सूर जातात हे मला पुस्तकी माहीत होतं. धुम शाबूत, म्हणून त्यांच्या हातातला ठेका कधी चुकला नाही आणि कुणाला कळलंही नाही. फोनवर ते "हं, हं" करायचे ते मला दुर्लक्ष वाटायचं. त्यावरून मी एकदा चिडून फोन ठेवला होता.

सांगितलं तर आधी चिडले. "मला ऐकू येईना म्हणतोस? मग सप्ताहात काय बहिरा वाजवायलाय का?" आईने खालूनच सांगितलं, "कुकरची शिट्टी दोन वर्षं झाली ऐकू येईना त्यांना. मी बोलले नाही."

सोमवारी मित्राला हेडफोन परत दिला, घेत नाही म्हणून सांगितलं. त्या पैशांत श्रवणयंत्र बसतं का ते बघतोय. अण्णा अजून तयार नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी ऑडिओग्रामला यायचं कबूल केलंय. अट एकच, गावात कुणाला सांगायचं नाही.

सुंदरा त्यांनी ठेवून घेतलाय.