छत्तीस नंबरची दाढ

आमची पुतणी भिवपुरीहून रोज लोकलने मुंबईस जाऊन दंतवैद्याच्या मदतनिसाचे काम शिकते. घरी आली की सापडेल त्याचे दात मोजते! परवा शेजारच्या सात वर्षांच्या पोराची दाढ दुखू लागली. "दुधाचीच, पडेल," त्याची आई म्हणाली.

"काकू, ही ३६ नंबरची. खाली डावीकडे, मधून सहावी. दुधाच्या दाढांमागे सहाव्या वर्षी येते. गेली की गेली."

आम्हांला छत्तीसचा आकडा ठाऊक तो भांडणाचा!

कर्जतला क्ष-किरणांनी फोटो काढला. १८९६ साली जर्मनीत अशाच फोटोला २५ मिनिटे लागली होती. इथे क्षणात झाला. फिल्म पोरानेच बोटाने दाबून धरली. रोज किरणांपाशी वावरणाऱ्या मदतनिसाने ती धरायची नसते. कीड काळी उमटली, पण नसेपर्यंत पोचली नव्हती. दाढ भरून घेतली.