१ लाख पिक्सेल्सची आजी

अडकलेलं मानधन एकदाचं सुटलं आणि मी आईसाठी टॅब घेतला. खोक्यावर ठसठशीत आकडा, २००० बाय १२००. म्हणजे २४ लाख पिक्सेल्स, फुल एचडीपेक्षाही जास्त! एक एचडी सिनेमा लावून पाहिला, तर झाडाचं पान न् पान दिसलं. मी जाम खूश.

आईला मात्र सिनेमा नको होता. तिने कपाटातून माझ्या पाचव्या वाढदिवसाची, २००२ सालची व्हीसीडी काढली. चालती-बोलती आजी आता फक्त त्यातच उरलीय. मित्राकडून फाइल कॉपी करून आणली, टॅबवर लावली आणि पचका! मला ओवाळणाऱ्या आजीच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन.

‘‘एवढे पैसे घालवलेस, ते यासाठी?’’ आई म्हणाली.

मग जरा शोधाशोध केली, तेव्हा ट्यूब पेटली. व्हीसीडीची फ्रेम जेमतेम ३५२ बाय २८८ ची, म्हणजे साधारण १ लाख पिक्सेल्स. ती ताणून मोठी करताना मधल्या जागा टॅब आजूबाजूचे रंग बघून अंदाजानेच भरतो. डिस्कवर जे उतरलंच नाही, ते भारी स्क्रीन तरी आणणार कुठून?

मी व्हिडिओची विंडो पोस्टकार्डाएवढी केली. आजी ओळखू यायला लागली. आईने टॅब डोळ्यांजवळ ओढला.

‘‘आई, लांबून बघ. लांबून नीट दिसेल.’’

तिने ऐकलं नाही.

आता आईचा व्हिडिओ काढण्याआधी मी मोबाइलचं सेटिंग न चुकता तपासते. टॅब काय, पुढेमागे नवा घेता येईल.