गोवा की लक्षद्वीप?

भाऊबीजेच्या दुपारी कामशेतजवळच्या वडिवळे धरणाच्या काठावर, फराळाचा डबा मध्ये ठेवून, आमच्या घरची परिषद भरली. 2021 मध्ये मुंबईहून पर्यटकांचे मोठे जहाज गोव्याला आणि लक्षद्वीपला जाऊ लागले, तेव्हापासून हा विषय घरात निघत होता. आज निकाल लावायचा होता.

माझे मत गोव्याला. दोन रात्रींचा प्रवास, खर्चही बेताचा. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत. माझे वडील त्याच बोटीने जात आणि जयगडला पडावात उतरत. तो किनारा मुलांनी समुद्रावरून पाहावा, एवढीच माझी हौस.

सौभाग्यवती म्हणाल्या, "लक्षद्वीपला जास्त दिवस मिळतील. पुढल्या वर्षी ताई शिकायला बाहेरगावी जाणार."

"अहो, पण तिथे प्रवेशाचा परवाना लागतो. जहाज दूर खोल पाण्यात थांबते, बेटावर लहान होडीने जायचे. आणि भर समुद्रात फोन लागायचा नाही. मुले कंटाळतील!"

चौदा वर्षांचे चिरंजीव चकली मोडत होते. त्यांनी मान वर केली.

"बाबा, तुमचाही लागणार नाही?"

"नाही."

"मग लक्षद्वीपच!"

ताई हसली, पण 'नको' म्हणाली नाही. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजू लागला. तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. मी तो वाजू दिला आणि डब्यातला एक लाडू उचलला.