उकाड्याला मी अटॅक समजलो

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: औषध चुकवायचं नाही आणि हालचाल सोडायची नाही. औषध मी चुकवलं नाही. हालचालीचा मात्र पार विचका केला.

आधी नको तेवढा उत्साह. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर झपाझप चालायचो. रत्नागिरीत पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता अंगातच कोंडते. एकदा उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालं, पाय जड पडले. घरी पंख्याखाली पडल्यावर तासाभरात सगळं ठीक. डॉक्टरांना विचारायचं सोडून मीच निष्कर्ष काढला, की हा एमएसचा अटॅक आहे, व्यायामाने नसा खराब होतायत. चालणं बंद!

विल्हेल्म उटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९०मध्ये नेमकं हेच, म्हणजे श्रमांनंतर नजर तात्पुरती धुरकट होणं, नोंदवलं होतं. गंमत म्हणजे त्यांनीही दोष श्रमांनाच दिला. खरं कारण उष्णता, हे पुढे कळलं. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जिथे झिजलेलं असतं, तिथून संदेश जेमतेम पुढे सरकतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. अंग थंड झालं की वाट पुन्हा मोकळी. नवी इजा झालेली नसते.

इजा केली ती माझ्या विश्रांतीने. ‘पडून राहा हो, दगदग नको,’ म्हणणारे नातेवाईक होतेच, आणि मला ते ऐकायला आवडायचं. मांड्या बारीक झाल्या, तोल गेला, न्हाणीघरात पडलो. पाय आजाराने कमी आणि खाटेने जास्त घालवले. पूर्वी डॉक्टरही एमएसवाल्यांना आरामच सांगत. १९९६मध्ये अमेरिकेतल्या युटामधल्या अभ्यासात रुग्णांनी १५ आठवडे व्यायाम केला. ताकद आणि दम वाढला, आजार बळावला नाही. व्यायामाने मायलिन परत येतं असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ मात्र सोडून द्या. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही.

आता उजाडायच्या आत चालतो, मानेवर ओला पंचा. मे महिन्यात घरातच, पंख्यासमोर सायकल. मध्ये थांबतो, त्याची लाज वाटत नाही.

तुम्हालाही एमएस असेल तर एवढं करा: व्यायामानंतरचा त्रास गार झाल्यावर ओसरतो का, ते पाहा. ताप नसताना नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर तो उकाडा समजू नका. न्यूरॉलॉजिस्टना लगेच फोन करा.