‘माझं चालतंय’ म्हणजे माप नव्हे

पोस्ट मोठी आहे आणि विषय अमेरिकेतला आहे. तरी वाचा, कारण शेवटी तो आपल्या दारात येतो.

माझा मामेभाऊ टेक्सासला असतो. नोकरी सॉफ्टवेअरची, छंद पिस्तुलाच्या नेमबाजीचा. गेल्या हिवाळ्यात त्याने गॅरेजमध्ये 9 एमएमची काडतुसं स्वतः भरायला सुरुवात केली. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले तशा मामी हादरल्या. मला फोन, "तू पत्रकार आहेस, तुझं ऐकेल तो, समजाव त्याला." मी समजवायला फोन लावला आणि दीड तास त्याच्याकडूनच समजून घेत बसलो.

आधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून भरून विकायची तर लागतो. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा ही पोस्ट वाचून कुणी हात शिवशिवू देऊ नका.

काम दिसायला सोपं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी परत वापरता येते. तिच्या बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, आत पावडर घालायची, तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. प्रश्न असतो तो पावडरचा. कुठली आणि किती?

ही बिनधुराची पावडर उघड्यावर पेटवली तर नुसती भसकन जळते. पुंगळीत कोंडली की गोष्ट वेगळी. जळताना वायू होतो, वायूने दाब चढतो, आणि दाब चढला की ती आणखी वेगाने जळते. अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणारी ‘सामी’ नावाची संस्था 1926 पासून आहे. तिने 9 एमएमसाठी ठरवलेली दाबाची मर्यादा आहे चौरस इंचाला 35,000 पौंड. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये हवा असते 30 ते 35. म्हणजे हजार पट दाब, आणि तोही तळहातात धरलेल्या वस्तूत.

पावडरचं वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलीग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. पिस्तुलाच्या काडतुसात असे मोजकेच ग्रेन मावतात. त्यामुळे अर्ध्या ग्रेनची चूकसुद्धा महागात पडू शकते.

मी त्याला विचारलं, "मग नवशिक्याने कुठली पावडर घ्यायची? सगळ्यात दमदार?"

तो हसला. "दादा, इथे पहिली चूक तीच करतात. दम नाही बघायचा. आधी बघायचं की पुंगळी किती भरते."

त्याने समजावलं ते असं. काही पावडरी झटकन जळणाऱ्या आणि दाट असतात. त्या चिमूटभर लागतात, डबा पुरवठ्याला येतो, म्हणून स्वस्त पडतात. पण चिमूटभर पावडर पुंगळीच्या तळाशी बसते. लक्ष विचलित झालं आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडलं, तरी वरून पटकन कळत नाही. असं दुप्पट भरलेलं काडतूस बंदूक फोडू शकतं. म्हणून जाणती माणसं नवशिक्याला सांगतात की अर्ध्याहून जास्त पुंगळी भरेल अशी फुगीर पावडर घे. दोनदा पडली तर बाहेर सांडेल आणि चूक डोळ्यांना दिसेल.

माणूस चुकणार हे गृहीत धरायचं आणि चूक लपणार नाही अशी वस्तू निवडायची. मला हे फार पटलं.

उलटी चूकही असते. पावडर पडलीच नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज फुसका येतो. तेव्हा थांबून नळी न तपासता पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. त्यामुळे गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावायचं. टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा ठेवायचा. उरलेली पावडर त्याच्याच मूळ डब्यात परत घालायची, लेबल नसलेल्या बाटलीत कधीच नाही.

आता ‘किती’चं उत्तर. ते कुणाच्या डोक्यात नसतं, छापलेलं असतं. त्याला लोड डेटा म्हणतात. पावडर आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या दाब मोजायच्या खास नळ्यांतून काडतुसं झाडून बघतात आणि तक्ते छापतात. हॉजडन, स्पीअर, हॉर्नडी, लायमन यांची माहिती तिथे सर्रास वापरली जाते. तक्त्यात दोन आकडे असतात, सुरुवातीचा आणि कमालीचा. नवशिक्याने खालच्या आकड्यापासून निघायचं, थोडं थोडं वाढवत दाबाची लक्षणं बघायची. कमालीचा आकडा गाठलाच पाहिजे असं काही नसतं.

आणि तो तक्ता त्याच गोळीपुरता, त्याच पावडरपुरता, त्याच लांबीपुरता. 9 एमएमची पुंगळी इतकी लहान की गोळी जराशी जास्त आत दाबली गेली तर मोकळी जागा घटते आणि दाब उसळतो. पावडर तेवढीच असली तरीही.

मला वाटलं, मग थोडी कमी घातली की झालं! तिथेही तो म्हणाला, "नाही दादा." मॅग्नम काडतुसांसाठी एच-110 नावाची सावकाश जळणारी पावडर आहे. ती मनाने फार कमी करू नका, असं बनवणारेच बजावतात, कारण कमी भरली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. म्हणजे ‘कमी ते सुरक्षित’ हा आपला घरगुती न्यायही इथे चालत नाही.

शेवटी त्याने सांगितलं की रेंजवर भेटणारे चार जण आपापलं माप सांगतात. "मी कित्येक वर्षं एवढीच घालतो, माझं चालतंय." ते ऐकायचं, मान डोलवायची आणि घरी येऊन तक्ता उघडायचा. त्याची बंदूक वेगळी, गोळी वेगळी. आणि आजवर काही झालं नाही हे नशीब असू शकतं, ते माप नसतं.

मी अमेरिकेच्या बंदूकप्रेमाची भलामण करत नाहीये. 2021 या एका वर्षात तिथे 48,000 हून जास्त माणसं बंदुकीने मेली, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. इतक्या सैल कायद्याचं काय होतं ते जग बघतंय. पण त्या गॅरेजमधल्या टेबलावर एक गोष्ट आहे जी आपल्याकडे कमी दिसते. धोक्याचं काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचलेला, त्याला वाचता येणारा, छापील आकडा.

आपल्याकडे काय चालतं? कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं होतं, दारू किती घालता? त्याने बोटं दाखवली. ठासल्यावर गज नळीबाहेर किती बोटं राहतो त्यावरून अंदाज. त्या काळ्या दारूवर आजवर निभावलंय. त्याच अंदाजाने कुणी बिनधुराची पावडर ठासली तर बंदूक हातात फुटेल. त्याला हे कुणी सांगितलंय का? परवान्याच्या नूतनीकरणाला तो दरवेळी कचेरीत जातो. कागद तपासले जातात, शिक्का पडतो. दारूबद्दल एक वाक्य कुणी बोलत नाही.

फवारणीचंही तेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. बाटलीसोबत माहितीपत्रक असतं, प्रादेशिक भाषेतही असतं. पण अक्षर मुंगीएवढं, आणि ते जातं मालकाच्या घरी. पंप पाठीवर असतो मजुराच्या. त्याला माप कळतं ते शेजारच्या शेतातून. "आम्ही दोन औषधं एकत्र करतो, आमचं चालतंय."

परवाना हवाच, तपासणीही हवी. पण परवाना फक्त काम कुणी करायचं ते ठरवतो. किती घालायचं, कशात काय मिसळायचं नाही, हे कामाच्या जागी, मोठ्या अक्षरात, मराठीत लागलेलं असलं पाहिजे.

मी या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या कृषी केंद्रांत आणि फटाक्यांच्या गोदामांत एवढंच बघत फिरणार आहे. काम करणाऱ्याला उभ्या जागी वाचता येईल असा मापाचा तक्ता भिंतीवर आहे का? तुम्हीही तुमच्या गावात बघा. असेल तर फोटो टाका, नसेल तर रिकाम्या भिंतीचा टाका. कृषी अधिकाऱ्यांकडे आणि तहसीलदारांकडे तेच फोटो घेऊन जाऊ.